तीस सप्टेंबरचा पट

केंद्रप्रमुखांचा फोन आला, ‘गुरुजी, तेवढा पट पाठवा.’
रेंज फक्त हापशाजवळ येते,
म्हणून हापशाच्या कट्ट्यावर रजिस्टर उघडून
ओरडून सांगितली अख्खी वाडी:
मुलगे आठ, मुली नऊ, एकूण सतरा.
पलीकडून विचारलं, ‘वीस नाही होत?’
जणू तीन पोरं
दप्तराच्या कप्प्यात राहून गेली असतील.

पहिलीत तीन. दुसरीत सहा.
तिसरीत दोघीच, एका बाकावर;
एकीला ताप आला की वर्ग निम्मा.
चौथीतले सहा जूनमध्ये साळवणला जातील,
सायकली मिळाल्या तर.

रकाने भरत जातो.
भज-क मध्ये पाच, धनगरवाड्यावरची:
झोरे चार, लांबोर एक.
रानातून पाऊण तास उतरून येतात.
गवा वाटेत उभा राहिला
तर तो हलेपर्यंत पाचही जण गैरहजर.
त्या कारणाला रकाना नाही.
अल्पसंख्याक एक, अल्फिया मुल्लाणी.
आपलं एकटीचं नाव वेगळ्या कागदावर जातं
म्हणजे बक्षीस, असं तिला वाटतं.
मी काही बोललो नाही.
शाळाबाह्य: निरंक.
किती स्वच्छ शब्द,
शेणानं सारवल्यासारखा,
खाली काय होतं ते दिसत नाही.

जुनं जनरल रजिस्टर कपाटात आहे, कडा कसरीनं खाल्लेल्या.
त्यात अर्धी वाडी एक जूनला जन्मली.
कुणा मास्तरनं पोराचे दात बघून साल घातलं.
अठ्ठ्याहत्तरचा पट त्र्याण्णव,
दुसरी म्हणे देवळात बसायची.
त्यातले कितीतरी शिरोलीच्या फौंड्रीत गेले,
त्यांची पोरं तिकडच्या पटावर.
उरलेल्यांची फाट्यावर उभी असतात सकाळी सातला, टाय लावून;
पिवळी गाडी अकरा जणांना उचलून नेते.
माझा पोरगाही कळंब्याला
अशाच एका गाडीत चढतो.
हे कुठल्याच नमुन्यात विचारत नाहीत,
बरं आहे.

दिवाळीनंतर खालच्या मळ्यात कोप्या पडतील.
बीडकडच्या टोळ्या येतील.
मुकादम माणसं कोयत्यात मोजतो:
नवरा-बायको मिळून कोयता एक.
पोरं कोयत्यात धरत नाहीत.
आणि माझा पट तीस सप्टेंबरचा,
तोवर शाई वाळलेली.

गेल्या साली नऊ आली होती.
आईबरोबर वाढ्यांचे भारे बांधून झाले
की साडेदहाला उगवायची,
पोटऱ्यांवर पाचटाचे ओरखडे.
कान्हू, अविदा,
कडेवर भाऊ घेऊन रुख्मी.
(भाऊ धरला तर दहा.)
साडेचार महिने ही सव्वीस पोरांची शाळा होती,
कागदाला पत्ता नाही.
आनूबाईच्या हाताला होता:
ती सतरांचा तांदूळ मोजून काढायची,
माझ्याकडे बघायची,
आणि परत डब्यात हात घालायची.
मी तेवढ्यात खिडकीबाहेर काहीतरी बघायचो.

मार्चात पट्टा पडला.
एका रात्रीत ट्रॅक्टर भरून गेले.
रुख्मीची पाटी इथंच राहिली,
बाराचा पाढा चौऱ्याऐंशीवर थांबलेला.
पुढचं तिला येत होतं,
हाक आली असणार.

‘हॅलो, गुरुजी? सतराच ना? पक्कं?
नाहीतर शेजारच्या शाळेत जोडायचं चाललंय वर.’
‘पक्कं,’ म्हणालो.
वर्गात आलो तर पाढ्यांचा गोंधळ चालू,
सतरा तोंडांचा वाटत नव्हता इतका मोठा.
रजिस्टरच्या शेवटच्या पानावर,
जिथं साहेब सही करत नाहीत,
पेन्सिलनं एक ते नऊ आकडे घालून ठेवले.
पुढं जागा कोरी.
मग थोडं थांबून दहाही घातला.

कारखान्याचं धुराडं
यंदा लवकर पेटणार, म्हणतात.